नाव तेवढं उरलं

वर्तमानपत्रात नवा होतो तेव्हा एका बातमीत मी 'पूर्णपणे नामशेष झाले' असं लिहिलं. वरिष्ठांनी 'पूर्णपणे'वर लाल काट मारली आणि विचारलं, ''नाव उरलंय ना? मग पूर्णपणे कसं?'' तेव्हा राग आला होता. पण तो शब्द मात्र डोक्यात बसला.

नामशेष म्हणजे ज्याचं नावच तेवढं शिल्लक आहे ते. शेष म्हणजे बाकी, वजाबाकी करून खाली मांडतो तीच. संस्कृतात माणूस गेला की त्याची अशी काहीतरी बाकी मांडत. कोणी कथाशेष, कोणी कीर्तिशेष. कालिदासाने 'रघुवंशा'त दशरथाला आलेख्यशेष म्हटलंय, म्हणजे चित्रापुरता उरलेला. भिंतीवर हार घातलेला फोटो असलेल्या कुठल्याही घराला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

आपण मात्र 'नामशेष' आणि 'नामोनिशाण उरलं नाही' एकाच दावणीला बांधतो. एकात नाव उरतं, दुसऱ्यात तेही पुसलं जातं. अर्थ चक्क उलटे! (माझी काट आता कोण जुमानतो म्हणा.)

आणा बघा. १ एप्रिल १९५७ला दशमान पद्धत आली आणि आणा हळूहळू बाजारातून गेला. पण रुपयाचे आणे किती, हे ठाऊक नसलेला पोरगाही 'सोळा आणे खरं' म्हणतो. पीक हातचं गेलं की गावात आणेवारीचीच चर्चा. सरकारी कागदावर तिची पैसेवारी झाली, हिशेब पन्नास पैशांच्या आत की वर असा पैशांतच होतो, तरी पारावर आणेवारीच. दमडीला तर चमडीच्या यमकानेच जगवलंय.

चित्त्याची गंमत वेगळी. भारतातून तो नामशेष झाल्याचं १९५२ साली जाहीर झालं. चित्ता म्हणजे मूळचा चित्रक, अंगावर ठिपके असलेला. जनावर गेलं, नाव रिकामं झालं आणि कित्येकांच्या तोंडी ते ठिपकेवाल्या बिबट्याला चिकटलं. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून आठ चित्ते कुनोत आणले, ते आम्ही टीव्हीवर बघत होतो. शेजारचे काका मूळचे जुन्नरकडचे. बराच वेळ निरखून पाहून म्हणाले, ''हा कसला चित्ता? चित्ता आमच्या उसात असतो.''