पवळाबाईंचा वाढदिवस कोणता?

मंडळी, आजचा धागा थोडा लांबणार आहे आणि थोडा भांडणारही आहे. भांडण आपल्याशीच आहे, म्हणजे 'आजच्या दिवशी' या शीर्षकाखाली संगीताचा इतिहास सांगणाऱ्या आपणा सर्वांशी. मीही त्यात आलो.

आपली दिनदर्शिका आपल्याला पाठ असते. २६ जून १८८८, बालगंधर्व. २८ सप्टेंबर १९२९, लता मंगेशकर. ८ सप्टेंबर १९३३, आशा भोसले. ३१ ऑक्टोबर १८८०, पुण्यात 'संगीत शाकुंतल'चा प्रयोग. १ एप्रिल १९५५, पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायणा'चा आरंभ. तारीख उजाडली की छायाचित्र लावायचे, चार ओळी लिहायच्या आणि मोकळे व्हायचे. या नोंदी खोट्या नाहीत. पण त्या सलग वाचल्या की असे वाटू लागते की महाराष्ट्राचे लोकप्रिय संगीत नाट्यगृहात जन्मले, ध्वनिमुद्रिकेवर वाढले आणि आकाशवाणीने घरोघर पोहोचवले. मग जत्रेत, कनातीत, पेट्रोमॅक्सच्या उजेडात रात्र रात्र जे गायले गेले, त्याची तारीख कोणती?

मी राहतो नागापुरात. नगर-मनमाड रस्ता, एमआयडीसीचे भोंगे, पाळी सुटल्यावरची गर्दी; संगीताच्या इतिहासात या गावाचे नाव कोणी काढणार नाही. परंतु याच जिल्ह्याच्या उत्तरेला संगमनेर तालुका आहे, आणि या एका तालुक्याशी लोकसंगीताचे तीन मोठे टप्पे बांधलेले आहेत.

पहिला टप्पा शाहीर अनंत फंदी. आडनाव घोलप, गाव संगमनेर, काळ १७४४ ते १८१९. लावणी, पोवाडा आणि विशेषतः फटका या रचनाप्रकारांत त्यांचे नाव अग्रभागी येते. १७९५ साली खर्ड्याला मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. हे खर्डा आपल्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात आहे. तिच्यावर फंदींनी पोवाडा रचला. त्यांच्याविषयीची एक कथा प्रसिद्ध आहे: अहिल्याबाई होळकरांनी तमाशा करणाऱ्या या ब्राह्मण शाहिराची कानउघाडणी केली, तेव्हा त्याने डफ फोडला आणि कीर्तनाची वाट धरली. कथा खरी की रचलेली, हा वाद बाजूला ठेवू. ती सांगताना आपण काय गृहीत धरतो, ते पाहा: डफ फुटला म्हणजे माणूस सुधारला. दोनशे वर्षे ही कथा कौतुकाने सांगितली जाते आणि तमाशाचे काय मोल ठरले, ते त्या कौतुकातच कळते.

दुसरा टप्पा पवळाबाई. गाव हिवरगाव पावसा. पुणे-नाशिक महामार्गाने जाणाऱ्यांना हे नाव टोलनाक्यामुळे ठाऊक असते. पावती हातात घेताना पवळाबाईंची आठवण कितीजणांना होते, देव जाणे. महार कुटुंबात जन्म, बालपणीच खंडोबाला मुरळी म्हणून वाहिलेली मुलगी, पुढे पठ्ठे बापूरावांच्या फडातली 'नामचंद पवळा'. त्यांच्या आधी फडात स्त्रीचे सोंग नाच्या पोऱ्या घेई. त्या चौकटीत प्रत्यक्ष स्त्री उभी राहिली आणि तमाशाचे रूपच पालटले.

बापूरावांची जन्मतारीख आपल्याला नेमकी माहीत आहे: ११ नोव्हेंबर १८६६, रेठरे हरणाक्ष. मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. घरात वतन, वतनाची कागदपत्रे, अक्षरओळख. मृत्यू २२ डिसेंबर १९४५. पवळाबाईंचा जन्म मात्र १८७० च्या सुमाराचा मानला जातो. हल्ली समाजमाध्यमांवर त्यांचीही दिवस-महिन्यासह तारीख फिरते. ती पाहिली की माझ्यातला विद्यार्थी अडखळतो. १८७० साली एका खेड्याच्या महारवाड्यात जन्मलेल्या मुलीचा दिवस कोणी लिहून ठेवला असेल? कुंडली कोणी मांडली असेल? आमच्या आजीची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे. तिच्या भावाची १ जून, शेजारच्या आजोबांचीही १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख. महाराष्ट्रात हे घरोघरचे आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभर लागू असलेला कायदा तर १९६९ चा. म्हणून पवळाबाईंना आपण आदरापोटी जी तारीख बहाल करतो, ती मला त्या १ जूनसारखीच वाटते. रकाना रिकामा राहू नये, एवढेच तिचे काम.

'तमाशातील पहिली स्त्री' हे बिरुदही जपून वापरावे. रामजोशांच्या फडात बया गात असे, अशी परंपरा सांगते. १९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी' चित्रपटात हंसा वाडकरांनी तीच भूमिका केली. पहिलेपण सिद्ध झाले नाही म्हणून पवळाबाई लहान ठरत नाहीत. 'पहिली' म्हटल्याशिवाय स्त्री कलावंताला पोस्ट मिळत नाही, ही खोड आपली आहे.

आणि बापूराव-पवळा ही जोडी नुसती प्रेमकथा म्हणून सांगण्याचीही. कुलकर्णी वतनदाराने जात सोडून फडात जाणे हे धाडस होते, नाही कोण म्हणतो? पण त्याच काळातला दुसरा प्रसंग वाचा. बापूरावांनी आपल्या जलशांचे उत्पन्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कार्याला देऊ केले, आणि महार स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी ते नाकारले, असे नोंदलेले आहे. हा नकार मला संगीताच्या इतिहासातला टप्पा वाटतो, कोणत्याही ध्वनिमुद्रणाइतका महत्त्वाचा. बापूरावांचे शब्द थोर होतेच, पण गळा, पाय आणि देह कोणाचे पणाला लागले होते, हा प्रश्न त्या नकाराने उघड्यावर आणला. पवळाबाईंना स्वतःला या व्यवहाराविषयी काय वाटत होते, हे विचारायला मात्र त्या काळी कोणी लेखणी घेऊन गेले नाही. १९३९ साली त्या गेल्या.

तिसरा टप्पा कांताबाई सातारकर. जन्म १९३९ चा, गुजरातमधला. पवळाबाई गेल्या, त्याच वर्षीचा. योगायोगावर मी इमारत उभारत नाही, लक्षात आला म्हणून सांगितला. तुकाराम खेडकरांबरोबर फड गाजवला, १९६४ साली खेडकर गेले, आणि पुढे कांताबाईंनी स्वतःचा फड उभा केला. फडाची मालकीण स्त्री असणे म्हणजे काय, याचा विचार करा. दीडशे माणसांचे बिऱ्हाड, ट्रक, तंबू, उचल, सुपारी, पाऊस. मे २०२१ मध्ये करोनाच्या साथीत त्यांचे निधन झाले, ते संगमनेरलाच.

येथे विठाबाई नारायणगावकरांना वगळून पुढे जाता येणार नाही, जरी त्या आमच्या जिल्ह्याच्या नव्हेत. १९३५ साली पंढरपुरात जन्म, १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान, १५ जानेवारी २००२ रोजी निधन. त्यांचा तो प्रसंग सर्वांनी ऐकलेला असतो: दिवस भरलेले असताना रंगमंचावर नाचत होत्या, कळा आल्या, कनातीमागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या. आपण हा प्रसंग 'कलेवरची निष्ठा' म्हणून टाळ्यांसह सांगतो. मला त्यात रद्द न करता येणारी सुपारी दिसते, आणि सुईणीवाचून झालेले बाळंतपण. संगीताच्या इतिहासातले उल्लेखनीय जन्म मोजायचेच असतील, तर हाही एक मोजावा.

कोणी म्हणेल, पुरावाच नाही तर इतिहासकाराने करावे काय? आक्षेप रास्त आहे. सुलोचना चव्हाणांच्या लावण्या मुद्रित झाल्या, म्हणून त्यांचा आवाज आजही ऐकता येतो आणि कोणती लावणी कधीची हे शोधता येते. फडावरच्या बाईंचा आवाज पहाटेबरोबर विरला. परंतु पुरावा नाही म्हणण्याआधी तो शोधला कोठे, हेही सांगायला हवे. तमाशाचे पंचांग वेगळे आहे. दसऱ्याला फड बाहेर पडतो, बुद्धपौर्णिमेच्या सुमारास हंगाम संपतो. गुढीपाडव्याच्या आसपास नारायणगावच्या राहुट्यांत गावोगावचे पंच येऊन सुपाऱ्या ठरवतात. म्हणजे प्रत्येक जत्रेमागे एक करार आहे, पावती आहे, वर्गणीची वही आहे, भिंतीवर डकवलेले पत्रक आहे. इतिहासाचे साधन यापेक्षा वेगळे ते काय असते?

गेल्या दिवाळीत आमच्या मूळ गावच्या यात्रा कमिटीची एक जुनी वही मला पाहायला मिळाली. मांडव, दिवाबत्ती, कुस्त्यांचे इनाम, पालखीचे भोई, सगळ्यांची नावे आणि रक्कम. पहिलवानांची तर गावेही लिहिलेली. सर्वांत मोठी रक्कम ज्या ओळीत होती, तिथे एकच शब्द होता: तमाशा. कोणाचा, ते लिहिलेले नव्हते. तुमच्या गावच्या वहीत ते नाव असेल, तर त्या पानाचे छायाचित्र येथे टाका.