कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये

गेल्या महिन्यातली गोष्ट. सहावीत माझा मराठीचा तास होता. एक मुलगा सलग तिसऱ्या दिवशी वही न घेता आला होता. मी विचारलं, "वही कुठंय?" तो उभा राहिला, काही बोलणार तेवढ्यात मीच सुरू झाले. आळस, बेफिकिरी, आईबापाच्या कष्टांची जाणीव नाही, सगळं सुनावून मोकळी झाले. मधल्या सुट्टीत तो दाराशी आला आणि हळूच म्हणाला, "टीचर, कॉपी भर गयी. अब्बू बोले जुम्मे को लाएंगे."

बीएडला आम्हाला हेच शिकवलं होतं. १९७०च्या दशकात अमेरिकेत मेरी बड रो या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी वर्गातली बोलणी टेप करून तपासली. शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम १ सेकंद थांबतात, असं त्यांना दिसलं. तेच ३ सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. परीक्षेत मी यावर छान दोन पानं लिहिली होती!

त्या रात्री डाळीचा कुकर लावून उभी होते. एक शिट्टी झाली, दुसरी व्हायची होती. एरवी अशा वेळी हात आपोआप मोबाइलकडे जातो, पण तो चार्जिंगला होता. खांदे कानापर्यंत चढलेत, दात आवळलेत, हे तेव्हा कळलं. आणि डोक्यात एकच वाक्य घुमत होतं, 'माझं कुणी ऐकतच नाही.' सकाळी डब्यावरून लेकीशी वाजलं होतं, तिथलं ते वाक्य. मी ते पर्समध्ये घालून शाळेत नेलं होतं आणि नको त्या पोरावर काढलं होतं.

तेव्हापासून अशा फटी शोधते. बादली भरेपर्यंत, रिक्षा सुटेपर्यंत, दूध वर येईपर्यंत. (दुधाकडे लक्ष ठेवा, मी एकदा उतू घालवलंय.) खांदे खाली सोडायचे आणि श्वास घेतला त्यापेक्षा सावकाश सोडायचा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, शरीराची रचनाच तशी आहे. मग मनात काय चाललंय ते फक्त बघायचं. ही फीची काळजी. हा नणंदेच्या बोलण्याचा राग. हाकलायचं नाही, त्याच्याशी वादही घालायचा नाही. हाकलायला गेलं की ते जास्तच चिकटतं, हा माझा अनुभव.

एक सांगते. काही जण म्हणतात, आपल्याला हे वेगळं कशाला, पाच वेळची नमाज आहे की. नमाज इबादत आहे, तिला थकवा घालवायची युक्ती करू नये, असं मला वाटतं. पण घाईचा आजार आपण तिथेही नेतो, हे खरं. घाईघाईने नमाज उरकणाऱ्या एका माणसाला प्रेषितांनी (स.) पुन्हा पुन्हा परत पाठवलं आणि रुकू, सजदा, बैठक, प्रत्येक जागी स्थिर व्हायला शिकवलं. ही हदीस आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. तरी दोन सजद्यांमध्ये मी स्वतः किती टेकते? असरला तर गॅसवरचं पातेलंच आठवत असतं. राग आला आणि उभे असाल तर बसा, ही शिकवणही तशीच. वर्गात टेबलाशेजारी खुर्ची असते, वर्षानुवर्षं मी तिच्यावर फक्त पर्स ठेवत आले.

आता बसते. रोज जमतं असं नाही. परवाच जिन्यात चपला पसरल्या म्हणून घर डोक्यावर घेतलं, आणि त्यातली एक जोडी माझीच निघाली.

शनिवारी त्या मुलाला एक म्हण विचारली. नवी वही होती, कव्हरसुद्धा घातलेलं. तो गप्प. मी खुर्चीत बसून मनात मोजू लागले. एक, दोन... तेवढ्यात पुढच्या बाकावरचा ओरडून उत्तर देऊन मोकळा. मी त्याला बोटाने गप्प केलं आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.