पोआरोचे फ्रेंच आणि आपले मराठी

दोन भाषा मिसळून बोलणारा माणूस म्हणजे धड कुठल्याच भाषेचा नव्हे, असा समज आपल्या मंडळींत जुना आहे. दूरचित्रवाणीने या समजाला खतपाणी घातले. आमच्या मते दोष बोलणाऱ्याचा नसून त्याचे संवाद लिहिणाऱ्याचा आहे. हे पटावे म्हणून आधी इंग्रजी-फ्रेंच पात्रांकडे पाहू.

१९८९ ते २०१३ या काळात डेव्हिड सुशे यांनी पडद्यावर साकारलेला हर्क्यूल पोआरो पुष्कळ वाचकांच्या परिचयाचा असेल. हा बेल्जियन गुप्तहेर ‘मोनामी’, ‘बों’ असले शब्द फ्रेंचमध्ये उच्चारतो आणि खुनाचा सारा गुंता मात्र सफाईदार इंग्रजीत उलगडतो. प्रत्यक्षात घडते ते उलट. ‘मित्रा’, ‘बरे’ हे शब्द परभाषेत माणूस सर्वांआधी शिकतो. स्वभाषा उसळून येते ती संतापात, दुःखात, मनातल्या मनात हिशेब करताना. पोआरो आपले इंग्रजी हेतुपुरस्सर मोडके ठेवतो, असे ख्रिस्तीबाईंनी त्याच्याच तोंडून वदवले आहे, हे आम्ही जाणतो. युक्तिवाद चतुर खरा. पण त्यांच्या कथांबाहेरच्या असंख्य अनुकरणांना तो लागू पडत नाही. तिथे फ्रेंच शब्द पात्राची गरज म्हणून येत नाहीत, प्रेक्षकाला चव यावी म्हणून येतात.

दुसरे टोक कॅनडातले. रोजे लमलँ यांची क्वेबेकमधील एका कामकरी कुटुंबावरची मालिका १९५३ साली फ्रेंचमध्ये सुरू झाली. १९५४ पासून तेच नट तीच कथा इंग्रजीतही सादर करू लागले. त्या इंग्रजी घरात आई मुलाशी स्वयंपाकघरातही इंग्रजीच बोले. सोय झाली, पण शेजाऱ्याच्या घरात कोणती भाषा नांदते, हे इंग्रजी प्रेक्षकाच्या कानी पडलेच नाही. याउलट २००६ सालच्या ‘बॉन कॉप, बॅड कॉप’ या चित्रपटात ऑन्टारियोचा आणि क्वेबेकचा असे दोन पोलीस एकमेकांशी दोन्ही भाषांत भांडतात. कोण कोणाच्या भाषेत बोलतो, यातच मान, माघार आणि मैत्री दिसते. भाषा बदलते ती समोरच्या माणसासाठी, प्रेक्षकासाठी नव्हे. आमची कसोटी एवढीच.

आता स्वतःकडे वळू. बडोद्याची आजी भाजीवालीशी गुजरातीत घासाघीस करून त्याच पावली देवघरात मराठी आरती म्हणते. इंदूरचा मुलगा आईशी मराठीत आणि दारातल्या मित्राशी हिंदीत बोलतो. बेळगावात हीच ये-जा कन्नडशी चालते. ही भेसळ नव्हे, हे अनेक पिढ्यांचे शहाणपण आहे. आणि तरी मराठी मालिकेत असा माणूस आला, तर त्याच्या वाट्याला बहुधा दोन-चार हिंदी शब्दांचा विनोदच येतो.

आम्हीही निर्दोष नाही. संमेलनातील नाटुकल्यांच्या संहितांमधून हिंदी शब्द वेचून काढण्याचा उद्योग आम्हीच केला. त्यामुळे मराठी शुद्ध झाली नाही; मुले मात्र चुकण्याच्या भयाने गप्प झाली. जे मूल मराठी बोलायला लाजते, ते उद्या आपल्या मुलांना काय देणार? यापुढे तरी आपल्या रंगमंचावर आपली घरे जशी बोलतात तशीच बोलू द्यावीत. भाषा टिकते ती बोलणाऱ्यांमुळे, चुका काढणाऱ्यांमुळे नव्हे.