विलायती चिंच की जंगल जलेबी?

उन्हाळा लागला की दिल्लीच्या बागांत आणि रस्त्यांच्या कडेला एका काटेरी झाडावर वेटोळ्या शेंगा लोंबू लागतात. दिल्लीकर त्यांना 'जंगल जलेबी' म्हणतात. नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झालेली मराठी मंडळी मात्र त्या पाहताच म्हणतात, "अरे, ही तर आपली विलायती चिंच!"

गंमत अशी, की हे झाड विलायतेचेही नाही आणि दिल्लीच्या जंगलातलेही नाही. त्याचे माहेर मेक्सिको व मध्य अमेरिकेच्या कोरड्या किनारपट्टीवर. 1565 पासून स्पॅनिश जहाजे मेक्सिको आणि फिलिपीन्स यांच्यात ये-जा करू लागली. त्या वाटेने ते आशियात आले, म्हणून इंग्रजीत त्याला 'मनिला टॅमरिंड' म्हणतात. विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1798 मध्ये त्याचे वर्णन केले, तेव्हा शास्त्रीय नावात 'गोड' या अर्थाचा लॅटिन शब्द घातला.

झाड ओळखणे सोपे आहे. प्रत्येक पानाला चारच पर्णिका आणि देठापाशी काट्यांची जोडी. शेंग पिकली की लालसर होऊन उकलते. आत काळ्याभोर बियांभोवती पांढरा-गुलाबी, गोड-तुरट गर असतो. खायचा तो फक्त हा गर. बी टाकून द्यावी. लहानग्यांना तर बी काढूनच द्यावा. मोठ्या मुलांचा मात्र बियांशी खेळ ठरलेला : वरचे काळे साल असे सोलायचे, की आतले तपकिरी साल जराही फाटता कामा नये!

माणसांप्रमाणे पोपटही या शेंगांवर तुटून पडतात. शेळ्यांना पाला आवडतो आणि काट्यांमुळे शेताला पक्के कुंपण मिळते.

दिल्लीत आणखी एक 'विलायती' आहे, विलायती कीकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ. तीही अमेरिका खंडातलीच. इंग्रजांच्या काळात ती रिजच्या टेकड्यांवर लावली गेली आणि तिने स्थानिक झाडांची जागा बळकावली. ती हटवून देशी झाडे लावण्याचे प्रयत्न होतात, ते योग्यच. पण काटे आणि 'विलायती' हे नाव एवढ्यावरून जंगल जलेबीला तिच्या पंक्तीला बसवू नये. वसाहतीतले एखादे झाड काटे टोचतात म्हणून तोडायची भाषा निघाली, तर आधी पाने नीट पाहावीत. शिवाय 1994 च्या दिल्ली वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. आड येणाऱ्या फांद्या रीतसर परवानगीने छाटल्या, तरी बहुतेक वेळा काम भागते.

पाकीटबंद खाऊला सोकावलेल्या मुलांना हे झाड दाखवणार कोण? येत्या एप्रिल-मेमध्ये त्यांना घेऊन जा, काटे सांभाळून चार शेंगा काढून द्या. ज्या झाडाची चव माहीत आहे, त्यावर कुऱ्हाड आली तर मुले गप्प बसणार नाहीत.