मालगाडीच्या इंजिनाचा रंग ही सजावट नव्हे

१/ रेल्वेचा वारसा म्हटला की आपल्याला वाफेचे इंजिन आणि सातपुड्यातील नॅरोगेज एवढेच आठवते. मालगाडीच्या विजेच्या इंजिनालाही इतिहास असतो, हे कोणी मानीत नाही. ही समजूत चुकीची आहे. गोंदिया जिल्ह्यात तर ती अक्षम्य आहे.

२/ बोदलकसा तलाव ज्या तिरोडा तालुक्यात आहे, तेथून जाणारा लोहमार्ग मुख्यतः धान्यासाठी आला. छत्तीसगडचे धान्य बाहेर नेता यावे म्हणून १८८० च्या दशकारंभी नागपूर–राजनांदगाव मीटरगेज मार्ग घातला गेला. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केला.

३/ पुढे मार्ग तोच राहिला, धनी बदलले. १९४४ साली सरकारी ताबा, १९५२ मध्ये पूर्व रेल्वे, १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे आणि २००३ मध्ये दक्षिण पूर्व मध्य रेल्वे. ही वंशावळ इंजिनांवरील आद्याक्षरांत उमटत गेली.

४/ आजचे इंजिनही असेच वाचता येते. ‘वॅग’मधील तीन इंग्रजी अक्षरे अनुक्रमे ब्रॉडगेज, एसी वीज आणि मालवाहतूक सांगतात. वॅग-७ पाच हजार अश्वशक्तीचे, वॅग-९ सुमारे सहा हजारांचे, तर मधेपुऱ्यात बनणारे दुहेरी वॅग-१२ बारा हजारांचे. शेजारी शेडचे नाव असते. भिलाईचे इंजिन तिरोड्याच्या औष्णिक केंद्राकडे कोळसा ओढत असेल, तर ते त्याच्या अंगावरच लिहिलेले असते.

५/ ‘रंग म्हणजे शेडची हौस’ असा आक्षेप घेतला जातो. हौस असेलही, पण त्या पट्ट्यांवरून इंजिन कोणत्या शेडचे, हे जाणकार दुरूनच ओळखतात. ज्या कामगारांची नावे कोठेही कोरली जात नाहीत, त्यांची तेवढीच स्वाक्षरी असते. मोठ्या दुरुस्तीत नवा रंग चढतो, कधी जाहिरात चिकटते, आणि ती पुसली जाते.

६/ नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेजचे संग्रहालय आहे, हे योग्यच. पण ज्या गाड्यांनी धान्य, कोळसा आणि लोखंड वाहिले, त्यांची इंजिने मात्र थेट भंगारात जावीत, हा कोणता न्याय?

७/ प्रत्येक इंजिन जतन करा, असा हट्ट कोणी धरीत नाही. मोडीत काढण्यापूर्वी त्याचे दिनांकित छायाचित्र, शेड, क्रमांक आणि रंगसंगती यांची नोंद ठेवावी, एवढेच मागणे आहे. त्याला खर्च नगण्य येतो. ती न ठेवणे म्हणजे प्रवाशांचा इतिहास जपून श्रमाचा इतिहास भंगारात विकणे होय.