सुईचा आधार घ्यावा, उपचार सोडू नयेत

छातीत धडधड, उडालेली झोप, पोटात सतत गोळा. ईसीजी काढला तर ठीक, रक्ताचे रिपोर्टही ठीक. मग कोणी मानसोपचारतज्ज्ञाचे नाव काढले की घरात कुजबुज सुरू होते. अशा वेळी अ‍ॅक्युपंक्चर सोयीचे वाटते. तिथे गेल्याने ‘डोक्याचा पेशंट’ असा शिक्का बसत नाही.

या उपचाराशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. त्याच पथकातील डॉ. बसू यांनी पुढे चीनमध्ये अ‍ॅक्युपंक्चर शिकून ते कोलकात्यात आणले. महाराष्ट्राने तर या पद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम केला. मात्र कायद्याने मान्यता मिळाली म्हणून प्रत्येक आजारावरचा गुण सिद्ध होत नाही.

शस्त्रक्रियेआधीची भीती कानावरच्या बिंदूंवर सुया लावल्याने कमी होते, असे काही चाचण्यांत दिसले आहे. महिनोन्‌महिने चालणाऱ्या चिंताविकाराबाबतचे बरेच अभ्यास मात्र लहान आणि कमी-अधिक दर्जाचे आहेत. शिवाय तुलनेसाठी एक खोटी सुई वापरली जाते. तिचे टोक बोथट असते. टोचल्याचा भास होतो, पण ती त्वचेत न शिरता मुठीत मागे सरकते. अनेक चाचण्यांत या सुईनेही रुग्णांना आराम पडला. म्हणजे गुण केवळ सुईचा नसतो. अर्धा तास शांत पडून राहणे आणि कोणीतरी आपले ऐकून घेणे, यांचाही त्यात वाटा असतो.

म्हणून या उपचाराची टर उडवण्याचे कारण नाही. दोन मिनिटांत चिठ्ठी हातात देणाऱ्या गर्दीच्या ओपीडीने त्यातून शिकण्यासारखेच आहे. पण आराम पडणे वेगळे आणि विकार आटोक्यात येणे वेगळे. विचारांची पद्धत बदलणारे समुपदेशन आणि औषधे यांचा पुरावा कितीतरी भक्कम आहे. ही औषधे लागू पडायला काही आठवडे जातात. नेमक्या त्याच काळात रुग्ण कंटाळतो आणि गोळ्या सोडून सुयांकडे वळतो. खरा धोका इथे आहे. झोपेच्या किंवा चिंतेच्या काही गोळ्या एकदम बंद केल्यास त्रास उसळतो, प्रसंगी झटकेही येतात.

तेव्हा अ‍ॅक्युपंक्चर करायचे तर जोडीला करावे. आधी थायरॉइडसारखे शारीरिक कारण नाही ना, हे तपासून घ्यावे. उपचारकाची नोंदणी पाहावी, सुया एकदाच वापरायच्या आणि समोर पाकीट फोडून काढलेल्या असाव्यात. रक्त पातळ करणारी औषधे किंवा गर्भारपण असल्यास आधी सांगावे. छातीवर खोल गेलेली सुई क्वचित फुफ्फुसाला इजा करते, त्यामुळे शिकाऊ हातांपासून दूरच राहावे. ‘गोळ्या बंद करा, मी बरे करतो’ असे कोणी म्हणाले, तर तिथून उठावे. चार-सहा बैठकांनंतर झोप, भूक, कामावर जाणे यांत फरक नसेल, तर त्या पैशांत समुपदेशकाकडे जावे. जगणे नकोसे वाटू लागले, तर बैठकीची वाट पाहू नये. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तो मराठीतही बोलतो.