दिलेलं परत घेता येत नाही

एक्स विंडो सिस्टिमची ११वी आवृत्ती, म्हणजे आपली एक्स११, १९८७ साली आली. स्क्रीन, कीबोर्ड, माउस सांभाळणारा सर्व्हर एक, आणि त्याच्याकडे कामं मागणारी अॅप्लिकेशन्स अनेक. प्रत्येक प्रकारच्या विनंतीला एका बाइटचा क्रमांक. त्यातले १२८ ते २५५ हे क्रमांक त्या लोकांनी चक्क राखून ठेवले, पुढे येणाऱ्या एक्स्टेन्शन्ससाठी! अॅप्लिकेशनने नाव घेऊन विचारायचं, "हे येतं का तुला?" येत असेल तर सर्व्हर क्रमांक सांगतो, नसेल तर जुन्या पद्धतीने भागवायचं.

याचा फायदा? २००० च्या सुमारास कीथ पॅकार्डने 'रेंडर' आणलं. अक्षरांची चित्रं अॅप्लिकेशनने द्यायची, सर्व्हरने ती फक्त नीट मिसळून दाखवायची. जोडाक्षरं कशी जुळतात हे सर्व्हरला ठाऊक असायची गरजच नाही. आपली देवनागरीही गुळगुळीत दिसायला लागली, तीसुद्धा जुनी अॅप्लिकेशन्स न मोडता.

पण एक्स्टेन्शन नवीन काही देऊ शकतं, आधी दिलेलं काढून घेऊ शकत नाही. एक्स११ मध्ये एरवी कुठलंही अॅप्लिकेशन दुसऱ्याच्या खिडकीत टाइप होणारा पासवर्ड वाचू शकतं. हे आवरायला 'सिक्युरिटी' नावाचं एक्स्टेन्शन आलं खरं, पण ते लावलं की बरीच अॅप्लिकेशन्स अडायची. मग कोण वापरणार? शेवटी २००८ मध्ये वेलँडचा नवा डाव मांडला गेला.

तेव्हा एपीआय लिहायला बसाल तर वाढीला जागा ठेवाच. पण पहिल्या दिवशी काय देताय, ते दहादा तपासा. नंतर "नाही" म्हणणं फार महाग पडतं, राव!